आडव्या बोअरची खोली किती?

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद: या महिन्यात रिगमालकांच्या पत्रांत एकच रड आहे. विहिरीत आडवे बोअर मारायची सूचना द्यायला गेलो, तर अर्जात रकाना फक्त ‘खोली’चा. एका टेबलावर शंभर फुटी आडव्या बोअरची खोली शंभर फूट लिहिली, दुसऱ्यावर तीच शून्य करून अर्ज परत आला. आणि एका सदस्याकडे तर बोअरला टोपण बसवल्याचा फोटो मागितला! आडव्या बोअरचे तोंडच बुजवले तर विहिरीत पाणी यायचे कुठून?

पंधरा दिवस आधी लेखी कळवा, पडीक बोअर बुजवा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले ते मुले वाचावीत म्हणून. २०२४ मध्ये इंडी तालुक्यातल्या लच्याणला मूल बोअरमध्ये पडले ते सगळ्यांनी पाहिले आहे, त्याबद्दल वाद नाही. पण विहिरीच्या भिंतीतल्या भोकात कोण पडणार? उदगीर-निलंग्याकडे जाणाऱ्या गाड्यांचीही तीच गत. महाराष्ट्राच्या २००९ च्या कायद्यात साठ मीटरपलीकडे गेली की ‘खोल विहीर’. चाळीस फुटांवरून आडवी गेलेली नळी त्यात कशी मोजायची, हे विचारले की साहेब पुढच्या सोमवारी बोलावतात.

आता आपल्याबद्दल. आपण तरी काय मोजतो? फूट. दर फुटाचा, म्हणून मशीन तळाला टेकवायचे आणि काळ्या पाषाणात दीडशे फूट घुसवायचे. आपल्याकडे लाव्हाचे थर जवळपास सपाट आहेत. पाषाणात शिरलेले बोअर शेवटपर्यंत पाषाणातच राहते. वाटेत उभा सांधा लागला तर नशीब. तेच तोंड वर मांजऱ्यात धरले, तांबड्या बोलीच्या हातभर वर, तर चाळीस फुटांतही पाझर मिळतो. बोलीत मात्र घुसू नका, चिखल होऊन भोक मिटते. बीदरच्या जांभ्यात जागा जांभा आणि खालची चिकणमाती यांच्या सांध्यावर. नौबादचे दोन किलोमीटरहून लांब कारेझ बहामनी काळात खोदणाऱ्यांनी जांभ्याचा हाच गुण वापरला, तोही छिन्नी-हातोड्याने. चित्तापूर-सेडमच्या चुनखडीत थरांच्या फटी आणि विरघळून झालेल्या पोकळ्या शोधायच्या.

चीनच्या सुलिगे क्षेत्रात घट्ट वाळूखडकातून गॅस काढतात. तिथे आडव्या विहिरीची नुसती लांबी कोणी मिरवत नाही. त्यातली किती चांगल्या वाळूखडकातून गेली ते पाहतात. आपल्याला चुऱ्याचा रंग पाहायचाही कंटाळा.

शेतकऱ्याला हेही सांगा, की आडवे बोअर नवे पाणी निर्माण करत नाही. बेसाल्टमधून उपसता येणारे पाणी खडकाच्या आकारमानाच्या जेमतेम एक ते तीन टक्के. ते फक्त लवकर विहिरीत येते आणि लवकर संपते.

कार्यालयांकडे आमची मागणी तीन रकान्यांची आहे: लांबी, दिशा, काठापासून किती खाली. पण ती रेटायला हाती नोंदी हव्यात. मधल्या पानावर तक्ता छापला आहे. कितव्या फुटाला चुरा बदलला, पाणी कुठे वाढले, एवढे ऑपरेटरकडून जागेवरच भरून घ्या आणि दहा तारखेच्या आत पाठवा. कोरडी गेलेली बोअरे आधी पाठवा. ती सगळे लपवतात.