कुत्री मोकळी, कायदा साखळीला

शिकारी कुत्री बाळगणाऱ्यांना आता म्हणे नियम हवेत! किती कुत्री सोडायची, कोणत्या महिन्यात सोडायची, नुसती रानडुकरावर की सशावरही, परवाना रेंजरने द्यायचा की ग्रामपंचायतीने. पीक नासलेल्या शेतकऱ्याच्या तोंडून असा सूर निघाला तर त्याचा संताप आम्ही समजू शकतो. पण हा सूर सगळ्यात वरच्या पट्टीत लावतात ते पंचवीस-पंचवीस हजारांची कुत्री जीपच्या हौद्यात उभी करून रात्री दुसऱ्याच्या शिवारात शिरणारे शौकीन. आम्ही विचारतो, नियम कशाचे? घरफोडीला सोयीची वेळ ठरवून द्यायला सरकार बसले आहे काय?

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने याचा निकाल केव्हाच लावला आहे. शिकार म्हणजे फक्त गोळी घालणे नव्हे. वन्य प्राण्यामागे कुत्री लावून त्याला पळवणे, हाका घालणे, फासे लावणे, आमिष दाखवणे, हे सगळे कायद्याच्या लेखी शिकारच. आणि यातला नुसता प्रयत्नही शिकारच. म्हणजे ससा झुडपात निसटला आणि कुत्री हात हलवत परतली, तरी गुन्हा घडला तो घडलाच. शौकाच्या शिकारीला परवाना देणारी उरलीसुरली कलमे 1991 च्या दुरुस्तीने काढून टाकली. तेव्हा 'नियम करा' म्हणणाऱ्यांना नियम नको आहेत. जे दार तीस वर्षांपूर्वी बंद झाले, ते त्यांना मागच्या बाजूने उघडून हवे आहे.

आता नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याच्या उत्तर-पूर्व भागात चला. ममदापूर, राजापूरच्या त्या उघड्या माळावर काळविटांचे कळप आहेत, आणि त्यांच्यासाठी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीतला प्राणी. त्याला मारले तर किमान तीन वर्षे, कमाल सात वर्षे तुरुंग, आणि दंड किमान 25 हजार रुपये. कडक माळावर काळविटाला धावण्यात हरवेल असे कुत्रे अजून जन्मायचे आहे. ही गोष्ट शिकाऱ्याला वनखात्यापेक्षा चांगली ठाऊक आहे, म्हणून तो माळावर कुत्री सोडतच नाही. पावसाने काळे रान भिजले, नांगरटीत पाय घोट्यापर्यंत जाऊ लागले, की तो कळपाला तिकडे वळवतो. काळविटाचा खूर बारीक आणि टोकदार. तो चिखलात खोल रुतून बसतो, आणि कुत्र्याचा पसरट पंजा वरच्या वर निघून येतो. शर्यत तिथेच संपते. पाडसाला तर पळायचीही सोय नाही. मादी त्याला गवतात दडवून लांब चरायला जाते आणि ते मान जमिनीला टेकवून निपचित पडून राहते. लांडग्याची नजर चुकवायची ही युक्ती. हुंगत हुंगत येणाऱ्या कुत्र्यापुढे तिचा काय उपयोग? आणि एखादे जनावर दात न लागता सुटलेच, तरी जिवाच्या आकांताने धावून त्याच्या अंगातले स्नायू असे निकामी होतात की पुष्कळदा ते पुढे कुठेतरी बांधाआड मरून पडते. सकाळी पंचनाम्यात लिहिले जाते: मोकाट कुत्र्यांच्या हल्ल्यात मृत्यू. मोकाट कुत्री हरणे मारतात, हे खरेच आहे. पण प्रत्येक वेळी कुत्री मोकाटच होती, हे साहेबांना कोणी सांगितले? शेजारच्या वाटेवर जीपच्या चाकोऱ्या होत्या काय, हे पाहायला कोणी वाकले होते काय?

यावर शौकिनांची ढाल तयार असते: शेतकरी! कांद्याची रोपे हरणे खातात, मका डुकरे आडवा करतात, मग माणसाने जगायचे कसे? प्रश्न शंभर टक्के खरा, पण विचारणारा खोटा. पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावराबद्दल लेखी आदेशाने परवानगी देण्याची सोय कायद्याच्या अकराव्या कलमात आहे, आणि रानडुक्कर व रोही यांच्यापुरती ती वाट महाराष्ट्र शासनाने 2015 साली मोकळीही केली. त्या वाटेने जायला यांना कोणी अडवले होते? रात्रीच्या बॅटरीच्या झोतात जागीच थिजलेल्या सशाने कोणत्या शेतकऱ्याचे कर्ज वाढवले? डुकरावर कुत्री घालणारे तर आपल्याच जनावराशी बेइमान. डुकराच्या सुळ्याने पोट फाटलेले कुत्रे बांधावर टाकून मालक घरी जातो, आणि प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 सालचे दर लावून त्याच्याकडून पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये मागतो. पन्नास रुपये! नाशिकच्या सीबीएसवर एवढ्यात धड पोटभर मिसळ मिळत नाही.

शेतकऱ्याला हवी आहे वेळेवर भरपाई. वनरक्षक आला तर तलाठी नाही, तलाठी आला तर कृषी सहायक नाही, आणि तिघे जमेपर्यंत शेतातल्या खुणा पावसाने धुऊन नेलेल्या. या दिरंगाईनेच शिकाऱ्याला गावात मान मिळवून दिला आहे. वनखात्याने हे नीट ऐकावे: तुम्ही ज्या बांधावर पोहोचत नाही, त्या बांधावर तो 'तारणहार' म्हणून पोहोचतो.

दुसरी पळवाट जातिवंत रक्ताची. कारवान, मुधोळ ही आपली कुत्री, शिकार थांबली तर त्यांची पैदास बुडेल, असे गळे काढले जातात. लष्कराने मेरठला नेऊन मुधोळला शिकवले ते काही ससे धरायला नव्हे! कुत्रे उत्तमच आहे, प्रश्न त्याच्या गळ्यातला पट्टा सोडणाऱ्या हाताचा आहे.

आणि परंपरेचे नाव तर यांनी घेऊच नये. रानाच्या आधाराने जगणाऱ्या पारध्याला इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा 1952 साली गेला, संशय गेला नाही. आजही रानात काही घडले की पहिली झडती पालावर, आणि गावात वजन असलेल्याच्या वाड्यातली कुत्री 'राखणीची'. एका फाशासाठी एकाला कोठडी, चार कुत्र्यांसाठी दुसऱ्याला चहा!

ज्या विलायतेतून हा खेळ घोड्यावर बसून इथल्या छावण्यांत आला आणि कोल्ह्यांच्या जिवावर खेळला गेला, त्या विलायतेनेही 2004 साली कुत्र्यांकरवी होणाऱ्या शिकारीवर बंदीचा कायदा केला. तिथले शौकीनही आपल्यासारखेच हुशार निघाले. आम्ही जनावरामागे नाही, आधी पसरून ठेवलेल्या वासामागे कुत्री सोडतो, अशी सबब त्यांनी काढली. वाटेत कोल्हा फाडला गेला तर तो म्हणे अपघात. त्या सबबीला वीस वर्षे भुलल्यानंतर तिथे तीही वाट बंद करण्याची भाषा सुरू झाली. आमच्याकडे 'डुक्कर हुसकावत होतो, ससा मध्ये आला' ही सबब ठाण्यात एका रात्रीत मान्य होते.

नियमच करायचे असतील तर आम्ही सांगतो कोणते करा. कायद्यातली शस्त्राची व्याख्या काढून वाचा. बंदूक आहे, धनुष्यबाण आहे, सुरा, जाळे, विष, फासा, सगळे आहे. कुत्र्याचे नाव कुठेच नाही. म्हणून जीप जप्त होते, जाळे जप्त होते, आणि ज्याच्या दातांनी शिकार झाली ते कुत्रे मालकाबरोबर घरी जाऊन भाकरी खाते, पुढच्या अमावास्येला पुन्हा निघायला मोकळे. ही फट बुजवा. शिकारीत वापरलेले कुत्रे मालकाकडून काढून घ्या, त्याच्या पोटापाण्याचा खर्च मालकाच्या माथी मारा, आणि त्या माणसाला पुन्हा कुत्रे पाळायला बंदी घाला. मेलेल्या प्रत्येक काळविटाच्या जखमांवरची लाळ तपासायला पाठवा. मोबाइलवर शिकारीची चित्रफीत मिरवणाऱ्याला शोधायला वनखात्याला दुर्बीण लागत नाही. तो आपले तोंड, आपली गाडी आणि आपले गाव स्वतःच दाखवत असतो. हे होईपर्यंत, नाशिकचे वनाधिकारी साहेब, 1926 या मदत क्रमांकाच्या पाट्या ममदापूरच्या माळावर मिरवू नका. आधी रात्री दोन वाजता तो क्रमांक स्वतः फिरवून बघा, आणि राजापुरात तुमची गाडी किती वाजता पोहोचते ते जाहीर करा.