इनव्हॅलिड म्हणजे शिवी नव्हे

परवा एका जुन्या कलीगकडे जेवायला गेलो होतो. पानावर बसल्या बसल्या त्याने सुरुवात केली, "तुम्ही ओपन सोर्सवाले लेको माजलाय. मी जीसीसीत बग शोधून दिला आणि दोन तासांत इनव्हॅलिड म्हणून बंद! साधं थँक्यू पण नाही." हे 'तुम्ही' म्हणजे मी. कारण गेली काही वर्षं शनिवारी सकाळी मी जीसीसीच्या बगझिलात येणाऱ्या तक्रारी चाळायला मदत करतो. पाहुणा होतो, आमटीही फर्मास होती, म्हणून तिथे गप्प बसलो. इथे मात्र बोलणार.

मावशी आणि इतर नातेवाइकांसाठी: कंपाइलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. जीसीसी हा त्यातला जुना, १९८७ पासूनचा, आणि फुकट. त्यात चूक सापडली की लोक कळवतात. ती खरी आहे का, आधी कुणी कळवलीय का, कुठल्या आवृत्तीपासून आहे, हे पाहून तक्रार योग्य माणसापर्यंत पोचवायची. दवाखान्यातली केसपेपरची खिडकी समजा. "म्हणजे तू कोड लिहीत नाहीस?" नाही मावशी, मी खिडकीत बसतो.

तर मित्राची तक्रार. एका आकड्यात १०० मिळवले आणि उत्तर मूळ आकड्यापेक्षा लहान आलं, तर बेरीज मावली नाही असं समजायचं, अशी तपासणी त्याने लिहिली होती. ऑप्टिमायझेशन चालू केल्यावर जीसीसीने ती तपासणीच उडवून टाकली. झालं, कंपाइलर बिघडला!

नेमकी हीच तक्रार जानेवारी २००७ मध्ये ३०४७५ क्रमांकाने नोंदलेली आहे. तेव्हाही भरपूर खडाजंगी झाली आणि निकाल इनव्हॅलिडच लागला. सी भाषेचं स्टँडर्ड सांगतं की साइन्ड पूर्णांकाची बेरीज मर्यादेबाहेर गेली तर पुढे काय होईल याची कसलीही हमी नाही. म्हणून तसं घडणार नाही असं कंपाइलर धरून चालतो. मग १०० मिळवल्यावर आकडा वाढणारच, आणि मित्राची तपासणी निरर्थक ठरते. लूप वेगवान करण्याच्या कितीतरी युक्त्या याच गृहीतकावर उभ्या आहेत.

"पण आधी चालत होतं ना!" हा यावरचा ठरलेला युक्तिवाद. अरे, चौकात मामा नव्हते म्हणून पावती फाटली नाही, एवढ्यावरून सिग्नल हिरवा होता असं होतं का? तपासणी बेरजेच्या आधी करावी. नाहीतर २०१५ च्या जीसीसी ५ पासून बेरीज करून ती मावली की नाही हे सांगणारं फंक्शन कंपाइलरमध्येच आहे, ते वापरावं. आणि मित्राने पुरावा काय पाठवला होता? स्क्रीनशॉट! जीसीसीची आवृत्ती, पूर्ण कमांड आणि प्रीप्रोसेस केलेली फाईल द्या, असं त्यांच्या पानावर स्वच्छ लिहिलेलं असताना.

बग कसा द्यावा हे युटा विद्यापीठातल्या मंडळींकडून शिकावं. त्यांनी सीस्मिथ नावाचा, आपोआप सी प्रोग्राम रचणारा प्रोग्राम केला आणि २०११ पर्यंत वेगवेगळ्या कंपाइलरांतले सव्वातीनशेहून जास्त बग कळवले. सगळी मेहनत कशात होती? रचलेल्या प्रोग्रामात स्टँडर्डने हमी नाकारलेलं काही येऊ न देण्यात. आधी स्वतःची बाजू स्वच्छ केली, मग बोट दाखवलं. असे बग सोन्यासारखे. कंपाइलर निमूटपणे चुकीचं कोड काढतो, एक अक्षर इशारा देत नाही, आणि कुणाचा तरी हिशोब चुकतो. अशी एक तक्रार स्क्रीनशॉटांच्या ढिगाखाली पडून राहते, तेव्हा मला मित्राचा राग येतो.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मित्र म्हणेल हा वकिली करतोय. ३२३ क्रमांकाचा बग २००० सालचा. जुन्या इंटेल प्रोसेसरांच्या एक्स८७ भागात आकडे ८० बिटांत राहात आणि मेमरीत जाताना ६४ बिटांत कापले जात. त्यामुळे ऑप्टिमायझेशन बदललं की तोच हिशोब वेगळा येई. कितीतरी तक्रारी डुप्लिकेट म्हणून तिकडे वळवल्या गेल्या. फ्लोटिंग पॉइंट असंच असतं म्हणून हात झटकणं सोपं होतं. पण व्हेरिएबलमध्ये किंमत ठेवताना जादा बिटं कापली पाहिजेत, असं स्टँडर्डच सांगतं! त्यासाठीचा पर्याय सी साठी आला तो २०१० च्या जीसीसी ४.५ मध्ये. तोपर्यंत तक्रार करणाऱ्यांतले बरेच जण बरोबरच होते.

माझंही एकदा चुकलंय. रात्री उशिरा, डोळे मिटत असताना, एका तक्रारीतल्या कोडमध्ये पॉइंटरचं कास्ट दिसलं. एलियासिंगचा नियम मोडलाय असं ठोकून दिलं आणि इनव्हॅलिड करून झोपलो. कोड चालवूनही पाहिलं नाही. पंधरा दिवसांनी तो माणूस परत आला. तोच प्रोग्राम त्याने चौदा ओळींवर आणला होता, कास्ट अजिबात नव्हतं, आणि उत्तर तरीही चुकीचंच येत होतं. बग खरा होता. तक्रार पुन्हा उघडली आणि माफी मागितली. त्याने एका ओळीत "ठीक आहे" एवढंच लिहिलं.

मित्राला फोन करून ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मग माझाही पुन्हा उघड!" नाही उघडणार. मात्र इनव्हॅलिडच्या खाली कारण आणि पर्याय सांगणाऱ्या दोन ओळी असायला हव्या होत्या, हे मान्य. त्या आज लिहून टाकल्या.

असो. उद्या शनिवार. वेटिंगमध्ये एक तक्रार पडून आहे, तिची फाईल कालच आलीय.