नवी आवृत्ती, जुने दफ्तर

अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील मध्यमवर्गीय कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी एका सदनिकेत गुंतलेली असते. त्या सदनिकेतील हक्काला आधार असतो तो गृहनिर्माण संस्थेच्या 'आय' आणि 'जे' नमुन्यांतील सभासद-नोंदींचा. ह्या नोंदी, मासिक देयके आणि थकबाकी आता अनेक संस्थांत संगणकावर आली आहेत. ह्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु कागदाची वही पन्नास वर्षांनीही उघडता येते. संगणकातील वही उघडेलच, ह्याची हमी कोणी द्यायची?

लहान संस्थांना असे प्रोग्राम पुष्कळदा एखादा होतकरू तरुण मायक्रोसॉफ्टच्या 'ॲक्सेस'वर बांधून देतो. त्याचे यंत्र नवे असते, कारकुनाचे जुने. घोटाळ्याचे मूळ येथेच आहे. २००७ च्या ॲक्सेसने फाइलीची नवी घडण आणली. केवळ २००३ ची आवृत्ती असलेल्या यंत्रावर ती उघडत नाही. उलट, २०१३ च्या आवृत्तीने १९९७ च्या फाइली उघडणे बंद केले. ६४ बिटांच्या ॲक्सेसमध्ये बंदिस्त केलेला प्रोग्राम ३२ बिटांच्या ॲक्सेसमध्ये चालत नाही. त्याहून फसवी गोष्ट अशी की, प्रोग्राम एक्सेल वा वर्डच्या ज्या लायब्ररींचा आधार घेतो, त्यांचे संदर्भ नव्या यंत्रावर फाइल उघडताच आपोआप नव्या आवृत्तीकडे वळतात. जुन्या यंत्रावर आल्यावर मात्र ते मागे फिरत नाहीत. दोष कोणाच्याही हातून घडत नाही, तरी वार्षिक सभेत ठपका येतो तो कारकुनावर.

जुने यंत्र जपून ठेवणे हाही उपाय नव्हे. 'व्हिज्युअल फॉक्सप्रो'ची नववी आवृत्ती अखेरची ठरली आणि जानेवारी २०१५ मध्ये तिचा आधार संपला. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार सुटलेल्या यंत्रावर सभासदांची माहिती ठेवणे धोक्याचे आहे, हा आक्षेप रास्तच आहे. तथापि सुसंगती राखणे म्हणजे प्रगती नाकारणे नव्हे. बदल पूर्वसूचनेने आणि ग्राहकाच्या सोयीने व्हावा, एवढाच तिचा अर्थ.

ह्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. ग्राहकांपैकी सर्वांत जुनी आवृत्ती ज्याच्यापाशी असेल, तिच्यावरच प्रोग्राम बांधावा आणि पारखावा. माहितीची फाइल व प्रोग्रामची फाइल वेगळ्या ठेवाव्यात, म्हणजे प्रोग्राम बदलला तरी नोंदींना धक्का लागत नाही. २००७ पासून ॲक्सेसचा 'रनटाइम' विनामूल्य मिळतो. तो जुळत्या आवृत्तीचा आणि बिटांचा पाहून सोबत द्यावा. कोणत्या आवृत्तीवर काम चालेल, हे करारात लिहून द्यावे.

कार्यकारी समित्यांनीही आपले कर्तव्य ओळखले पाहिजे. प्रोग्राम एकदाच विकत घ्यायचा आणि देखभालीचा मोबदला द्यायचा नाही, ही काटकसर शेवटी महाग पडते. दरवर्षी लेखापरीक्षणाच्या वेळी सर्व नोंदी साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवून घ्याव्यात आणि सभासद-नोंदवही छापून सही-शिक्क्यानिशी ठेवावी. प्रोग्राम बांधणाऱ्याचा असेल. दफ्तर मात्र सभासदांचे आहे, आणि ते वाचण्याचा त्यांचा हक्क कोणत्याही कंपनीच्या आवृत्तीवर अवलंबून राहता कामा नये.