बीटीचे बी आणि छात्राध्यापकाचा पाठ

विदर्भातील शाळेत एखादा छात्राध्यापक जैवतंत्रज्ञानाचा सराव पाठ घेतो, तेव्हा समोरच्या कित्येक मुलांच्या घरी पऱ्हाटी उभी असते. दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात २०१८ साली ‘पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान’ हा पाठ आला. त्याचे टाचण लिहिले जाते, तक्ता टांगला जातो, व्याख्या फळ्यावर उतरते, निरीक्षक सही करतात. परंतु “सर, बीटीचं बी घरी राखून का पेरत नाहीत?” असे एखाद्या मुलाने विचारले तर?

‘ते बी उगवतच नाही’ हे उत्तर सर्रास ऐकू येते. ते चूक आहे. मातीतील बॅसिलस थुरिन्जिएन्सिस या जिवाणूचे जनुक कापसात घातले, की बोंडअळीला मारक असे प्रथिन झाड स्वतःच तयार करते. त्या जनुकाने बी वांझ होत नाही. मात्र भारतात २००२ साली परवानगी मिळाली ती संकरित वाणांना. संकरित वाणाचे राखलेले बी उगवते. पण पीक एकसारखे येत नाही, उतारा घटतो. अमेरिकेत हेच जनुक सरळ वाणांत आहे आणि तेथे बी राखण्याच्या आड येतो तो कंपनीचा करार. तात्पर्य, दरवर्षी पाकीट विकत घ्यावे लागणे हा जनुकाचा धर्म नव्हे. तो वाणाच्या निवडीचा आणि मालकीचा प्रश्न आहे.

अळीचेही तसेच. २००६ साली दोन जनुकांचे बियाणे आले, तरी २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कापूस पोखरला. बीटी नसलेल्या बियाण्याचे १२० ग्रॅमचे पाकीट सोबत मिळत असे. त्या ओळींवर प्रथिनाला न सरावलेले किडे जगावेत, प्रतिकारक किड्यांशी त्यांचा संकर व्हावा आणि प्रतिकारशक्तीचा प्रसार लांबावा, हा त्यामागील हेतू. तो समजावून कोणी सांगितलाच नाही. पाकिटे पेरणीविना पडून राहिली. नैसर्गिक निवडीचा याहून जिवंत धडा कोणत्या पुस्तकात सापडेल?

जैवतंत्रज्ञानाची आरती ओवाळणारा शिक्षक आणि त्याच्या नावाने भय घालणारा शिक्षक, दोघेही विज्ञान व व्यापार यांची गल्लत करतात. पहिला कंपनीची जाहिरात वर्गात आणतो, दुसरा अफवा. दोहोंत मुलाची विचारशक्ती पांगळीच राहते.

२०१० साली बीटी वांग्याला स्थगिती देण्यापूर्वी केंद्रीय पर्यावरण मंत्र्यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. त्यांत नागपूरही होते. उद्याच्या सुनावणीत बोलणारे नागरिक आज या वर्गांत बसले आहेत. त्यांच्या भावी शिक्षकाला घडविण्यास भव्य प्रयोगशाळा नको. बियाण्याचे पाकीट, किडलेले बोंड आणि बांधावरचा शेतकरी पुरे. अध्यापक महाविद्यालयांनी एवढे केले, तरी ‘बी कोणाचे?’ हा प्रश्न विचारणारी पिढी उभी राहील.