आठवड्याची बेगमी

बेगमी हा शब्द आपल्या बोलण्यातून हळूहळू मागे पडत चालला आहे. पावसाळ्यापूर्वी धान्य भरून ठेवणे, उन्हाळ्यात कुरडया-सांडगे वाळवणे, वर्षाचा गोडा मसाला कुटून बरणीत भरणे, ही सगळी बेगमीच. सवड असते तेव्हा कष्ट करून ठेवावेत, म्हणजे सवड नसेल तेव्हा घराची आबाळ होत नाही, एवढाच तिच्यामागचा विचार. आज दोघेही नोकरी करणाऱ्या घरात सवड मिळालीच तर रविवारी दुपारी मिळते. साहजिकच बेगमी आठवड्याची झाली आणि माळ्यावरच्या बरण्यांतून फ्रीझरमध्ये आली. हिवाळ्यातले मटार, खवलेला नारळ आणि आमरस तर आपण वर्षानुवर्षे गोठवतोच. शिजवलेले अन्न गोठवायचे म्हटले की मात्र घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते आणि प्रश्न येतो : हे शिळेच ना?

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र कॅलेंडरवर न शोधता तापमानात शोधावे लागते. अन्न बिघडवणारे आणि आजार घडवणारे जंतू साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात वाढतात. उणे १८ अंशांना त्यांची वाढ थांबते. ते मरत मात्र नाहीत. म्हणून अन्न ज्या अवस्थेत फ्रीझरमध्ये जाते, त्याच अवस्थेत बाहेर येते. चार तास ओट्यावर पडून राहिलेली उसळ गोठवली, तर महिन्याने हाती येते ती चार तास ओट्यावर पडून राहिलेली उसळच.

या बाबतीत आपल्या घरांतला सर्वांत लाडका पदार्थ सर्वांत बेफिकिरीने हाताळला जातो, आणि तो म्हणजे फोडणीचा भात. रात्रीचा उरलेला भात पातेल्यातच, ओट्यावर, झाकण घालून सकाळपर्यंत ठेवायचा आणि न्याहारीला परतायचा, ही रीत अनेक घरांत आहे. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते भात शिजताना मरत नाहीत; कोमट भातात रात्रभर वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष फोडणीच्या उष्णतेनेही नष्ट होत नाही. सकाळी भात खाऊन दुपारच्या आत उलट्या सुरू झाल्या, तर आपण दोष बाहेरच्या पाणीपुरीला देतो! फोडणीचा भात सोडण्याचे कारण नाही. रात्रीची जेवणे आटोपताच उरलेला भात उथळ डब्यात पसरून फ्रीजमध्ये ठेवावा आणि सकाळी वाफ येईपर्यंत नीट परतावा, एवढेच.

हाच नियम बेगमीच्या स्वयंपाकाला अधिक कडकपणे लागू होतो, कारण तिथे पातेली मोठी असतात. दाट वरण किंवा छोले मोठ्या पातेल्यात निवायला ठेवले, तर वरून गार लागतात आणि मध्यभागी कित्येक तास कोमट राहतात. अन्न दोन तासांच्या आत निवून थंड जागी गेले पाहिजे. मे महिन्याच्या उन्हाळ्यात एका तासाच्या आत. परातीत गार पाणी आणि थोडा बर्फ घालून त्यात पातेले ठेवावे, अधूनमधून ढवळावे, आणि वाफ ओसरली की अन्न लहान, उथळ डब्यांत काढावे. पिशवीत भरायचे तर दोन-तीन सेंटिमीटर जाडीची चपटी लादी करावी. ती लवकर गोठते, आणि लवकर गोठलेल्या अन्नात बर्फाचे स्फटिक बारीक राहतात. सावकाश गोठताना स्फटिक मोठे होतात, भाजीच्या पेशी फाडतात आणि वितळल्यावर भाजी लिबलिबीत होते. डबा मात्र काठोकाठ भरू नये. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, आणि काचेची बरणी त्याने तडकते.

काय गोठवावे, याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. पाश्चात्त्य घरांत पूर्ण तयार जेवण गोठवण्याची पद्धत रुळलेली आहे. आपल्या जेवणाचा प्राण फोडणीत आणि वरून पेरलेल्या ओल्या खोबऱ्या-कोथिंबिरीत असतो, आणि तो फ्रीझरमध्ये टिकत नाही. म्हणून तयारी गोठवावी आणि फोडणी त्या दिवशीची असावी. दोन वाट्या कोरडे छोले भिजून-शिजून पाच-सहा वाट्या होतात; चौघांच्या घरात दोन वेळची सोय. चवळी, हरभरे, राजमा यांचेही तसेच. तूरडाळीचे घट्ट वरण फोडणीशिवाय उत्तम राहते. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण बर्फाच्या साच्यात गोठवून तुकडे पिशवीत भरावेत. उसळीला दोन तुकडे पुरतात. वाफवलेले अळूवडीचे उंडे, पुरण आणि पराठे तर फ्रीझरचे मित्रच. तयारी अर्धी असली तरी कडधान्य अर्धे कच्चे ठेवू नये. विशेषतः राजमा, कारण पुरेसा न उकळलेला राजमा पोट बिघडवतो.

बटाटा गोठला की भुसभुशीत होतो, कढी फुटते, काकडी आणि दुधी पाणी सोडतात. भाकरीबद्दल तर बोलूच नये.

एक खुलासा आवश्यक आहे. एकदारी फ्रीजमधील बर्फाचा कप्पा उणे १८ अंशांपर्यंत पोहोचतोच असे नाही. तिथे आठवड्याभराचीच बेगमी करावी. स्वतंत्र दाराच्या चांगल्या फ्रीझरमध्ये शिजवलेली कडधान्ये दोन-तीन महिने चव राखतात. वितळवायचे ते आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, किंवा थेट पातेल्यात. ओट्यावर कधीही नाही. एकदा वितळून गरम केलेले पुन्हा गोठवू नये.

आता रविवार कोणाचा, हा प्रश्न. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. त्याच दोन हातांनी रविवारीही आठवड्याचे जेवण रांधले, तर तिची एकुलती एक सुटी तेवढी जाते. बेगमीचा खरा लाभ वेगळ्या ठिकाणी आहे. प्रत्येक डब्यावर पदार्थाचे नाव आणि तारीख लिहावीच, पण त्याबरोबर उरलेले कामही लिहावे : ‘छोले, चौघांचे. वाटणाचे दोन तुकडे. दहा मिनिटे उकळणे.’ मग संध्याकाळी जो आधी घरी येईल, तो स्वयंपाक करू शकतो. बाबा असोत की दहावीतला मुलगा. आईने फोनवरून ‘हळदीचा डबा डावीकडे’ असे सांगत बसण्याची गरज राहत नाही. चिठ्ठ्या लिहिण्याचे काम रविवारी मुलांना द्यावे. त्यांनी लिहिलेले त्यांच्या लक्षातही राहते.

राहता राहिली वीज. पूर्ण भरलेला मोठा फ्रीझर दार न उघडता सुमारे ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास गारवा धरतो. फ्रीजच्या वरच्या लहान कप्प्याकडून एवढी अपेक्षा करू नये. सुटीत गावी जाणाऱ्यांनी एका वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर एक रुपयाचे नाणे ठेवून जावे. परतल्यावर नाणे वरच असेल तर डबे जसेच्या तसे वापरावेत. नाणे वाटीच्या तळाशी जाऊन पुन्हा गोठलेले दिसले, तर मधल्या काळात सारे वितळले होते. मग वास कितीही चांगला येत असला, तरी शिजवलेले अन्न टाकून द्यावे.