पोत्यातले बी श्वास घेते



मृग नक्षत्र तोंडावर आले की मुखेडच्या बाजारात बियाण्याच्या दुकानांपुढे गर्दी होते. बॅग घेताना आपण वाण विचारतो, भाव विचारतो, पावती मागून घेतो. घरचे बी असेल तर मूठभर हातात घेऊन रंग बघतो, टपोरेपणा बघतो. पण एक प्रश्न विचारायचा राहून जातो : हे बी जिवंत आहे का?

प्रश्न ऐकून काहींना हसू येईल. दाणा कसला जिवंत, तो तर पोत्यात पडून असतो! पण घरातल्या शाळकरी मुलांना विचारा. सजीव कोणाला म्हणावे, हे त्यांना विज्ञानात शिकवलेले असते. जो श्वास घेतो, अन्न वापरतो, वाढतो, आपल्यासारखी संतती निर्माण करतो आणि एक दिवस मरतो, तो सजीव. बी या सगळ्या कसोट्यांना उतरते. एवढे एकदा पटले, की बियाण्याच्या बाबतीत काय करावे आणि काय टाळावे हे आपोआप कळू लागते.

बियात काय असते?

सोयाबीनचा एक दाणा रात्री पाण्यात टाका आणि सकाळी त्याची साल सोला. दाण्याची दोन दले उघडतील. त्यांच्या कडेला एक बारीक, वाकडी चोच दिसेल. तो अंकुर. चोचीच्या टोकापासून मूळ होते, दुसऱ्या बाजूला दलांच्या आत इवलाली पाने दडलेली असतात. म्हणजे रोप आत आधीच तयार आहे. दोन दले ही त्या लेकराची शिदोरी. सोयाबीनच्या या शिदोरीत सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. मुळे जमिनीत धरून पाने हिरवी होईपर्यंत रोप हीच शिदोरी खाऊन जगते.

आता त्या चोचीवरची साल किती पातळ आहे, तेही बघा. मळणी यंत्र भरधाव चालवले, पोते ट्रॉलीतून खाली आपटले, थप्पीवर चढून उड्या मारल्या, की मार थेट अंकुराला बसतो. दाणा वरून चांगला दिसतो आणि आत चोच मोडलेली असते. असा दाणा तेलगिरणीला चालतो, जमिनीला चालत नाही. म्हणून बियाण्याच्या सोयाबीनची मळणी करताना यंत्राचे फेरे मिनिटाला ४०० च्या आत ठेवावेत.

श्वासाची परीक्षा

बी श्वास घेते हे घरी बघता येते. मोड आलेली मटकी काचेच्या बरणीत अर्धी भरा, झाकण घट्ट लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी झाकण किंचित उघडून मोठ्या माणसाने पेटती काडी आत धरावी. काडी विझते. बरणीतला प्राणवायू मटकीने वापरला आणि कर्बवायू बाहेर सोडला. माणूस करतो तेच बी करते. फडक्यात बांधलेल्या मोडांना ऊब लागते, तीही या श्वासाचीच.

कोरडे बी हाच श्वास अगदी मंद घेते. ओल आणि उष्णता वाढली की श्वास जलद होतो, शिदोरी झिजते आणि बी लवकर म्हातारे होते. शास्त्रज्ञांचा एक ढोबळ ठोकताळा आहे. ठराविक मर्यादेत बियातला ओलावा एक टक्क्याने कमी केला, तर त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. साठवणीचे तापमान पाच अंशांनी कमी केले, तरीही तसेच. म्हणूनच नॉर्वेतल्या स्वालबार्ड बेटांवर २००८ मध्ये जगभरच्या बियाण्यांसाठी जे कोठार उघडले, तिथे उणे १८ अंशांत बी ठेवतात. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली हात लावू वाटत नाही. तिथली थंडी आपल्याला आणता येणार नाही, पण बी कोरडे ठेवणे आपल्या हाती आहे.

सोयाबीनचे बी १० ते १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावे. पोती उघड्या फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून थोडी दूर ठेवावीत. थप्पी पाच पोत्यांपेक्षा उंच नको. शेजारी खताची पोती नकोत. आपल्या आजी-पणजी कणगी शेणाने लिंपायच्या, बियात राख मिसळायच्या. राखेने ओल शोषली जाते आणि किडीलाही ती सोसत नाही. श्वासाचे शास्त्र पुस्तकात वाचलेले नसले, तरी त्यांना अनुभवाने ते ठाऊक होते.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेलबियांचे आयुष्य ज्वारी-गव्हापेक्षा कमी असते. शिदोरीतले तेल हवेने आणि उष्णतेने खराब होत जाते. घरातले जुने शेंगदाणे खवट लागतात, त्यातलाच हा प्रकार. भुईमुगाचे बी शेंगेतच ठेवतात ते यासाठी.

शेतात भिजलेले बी

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऐन काढणीत पाऊस झाला. शेंगा झाडावर भिजल्या, ढीग भिजले. पुढे २०२० च्या जूनमध्ये सोयाबीन उगवले नाही म्हणून मराठवाडाभर तक्रारींचा पाऊस पडला, आणि औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. दुबार पेरणीचा भुर्दंड कित्येक घरांना बसला.

भिजल्याने बियाचे काय होते? प्रत्येक सजीव बारीक बारीक पेशींचा बनलेला असतो, बीही तसेच. पाणी मिळाले की झोपलेल्या पेशी जाग्या होऊन कामाला लागतात. मग ऊन पडते, दाणा पुन्हा सुकतो आणि सुरू झालेले काम मध्येच तुटते. दोन-चार वेळा असे झाले की पेशींचे पातळ पडदे फाटतात, आतला रस बाहेर झिरपतो आणि त्यावर बुरशी पोसते. दाणा उरतो, जीव जातो.

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. गावेच्या गावे पाण्यात गेली, माणसे गेली, जनावरे गेली. त्या दुःखापुढे बियाण्याची गोष्ट लहान आहे. पण सावरणाऱ्या घराला दुबार पेरणी परवडत नाही, म्हणूनच ही गोष्ट सांगतो. ओल्या सालाचे बी डोळ्यांनी पारखू नका, उगवून पारखा.

उगवण अशी तपासा

हे काम घरातल्या मुलांकडे सोपवा. प्रत्येक पोत्यातून वरचे, मधले आणि तळचे थोडे बी काढून एकत्र करा. निवड न करता त्यातले १०० दाणे मोजा. गोणपाट धुऊन ओले करा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा. वरून दुसरे ओले गोणपाट घालून हलकी गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. गोणपाट ओलसर राहील इतकेच पाणी शिंपडा. आठव्या दिवशी मूळ आणि कोंब दोन्ही सशक्त असलेलीच रोपे मोजा. वाकडी, कुजकी, अर्धवट सोडून द्या.

७० किंवा त्याहून अधिक उगवली, तर एकरी ३० किलो बी पुरे. ६५ उगवली तर साडेबत्तीस किलो, ६० उगवली तर ३५ किलो घ्या. म्हणजे ७० च्या खाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवायचे. ६० पेक्षाही कमी आली, तर ते सोयाबीन मोंढ्यावर विकावे आणि बी दुसरे बघावे.

पेरताना

सोयाबीनला मोड येण्यासाठी आपल्या वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी लागते, मक्याला सुमारे ३० टक्के पुरते. म्हणून एका सरीवर घाई करू नये. अर्धवट ओलीत बी फुगते, जागे होते आणि पाण्यावाचून मरते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, वाफसा बघून पेरावे.

तूर आणि हरभरा आपली दले जमिनीतच ठेवून नुसता कोंब वर पाठवतात. सोयाबीन मात्र दोन्ही दले डोक्यावर घेऊन माती फोडते. ओझे घेऊन उंच जिना चढणाऱ्याची दमछाक होते, तशीच खोल पडलेल्या सोयाबीनची. म्हणून तीन ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल पेरू नका.

घरचे बी कोणते चालते?

सोयाबीनचे फूल उमलण्याआधीच आपल्याच परागाने फळते. त्यामुळे परभणीच्या विद्यापीठाचे एमएयूएस ७१, १५८, ६१२ यांसारखे सरळ वाण पुढच्या पिढीतही आईबापांसारखेच राहतात. प्रमाणित बियाणे एकदा घेतले, की त्याचे बी तीन वर्षे वापरता येते. संकरित कपाशी, मका, बाजरी यांचे तसे नाही. दोन वेगळ्या वाणांचा संकर केलेला असल्याने पुढच्या पिढीत गुण विखुरतात, कुणी आजोबांवर जाते, कुणी आजीवर. ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ मध्ये हाच नियम जगापुढे मांडला. संकरित पिकाचे बी दरवर्षी नवे घ्यावे लागते, त्याचे कारण हे.

तेव्हा या आठवड्यात एवढे करा. पोते उघडा, १०० दाणे मोजा, गोणपाट ओले करा. पेरणीआधी आठ दिवस मिळाले, तर चूक दुरुस्त करायला वेळ असतो. पेरणीनंतर तो नसतो.