प्रमाणपत्राची वाट कशाला पाहायची?

‘किरण’ वाचताना अडखळणारे मूल आळशीच असते असे नाही. देवनागरीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात, तिचा उच्चार मात्र नंतर होतो. ‘सूर्य’मधला रफार उच्चारात ‘य’च्या आधी, कागदावर त्याच्या डोक्यावर! डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला ध्वनी आणि चिन्ह यांची सांगड घालायला जास्त वेळ लागतो; त्याचा बुद्धीशी संबंध नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली. पण प्रमाणपत्र मिळते ते वयाच्या ८ वर्षांनंतर. तोवर मूल तिसरीत गेलेले असते, आणि बरेच पालक तर दहावीच्या वाढीव वेळेसाठीच धावाधाव करतात.

मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ चाचणी मराठीतही आहे. तिच्यातली प्राथमिक चाळणी वर्गशिक्षकही करू शकतात, अगदी पहिलीपासून. निदान तज्ज्ञांनीच करावे. मात्र शब्दातले ध्वनी सुटे करणे, पुन्हा जोडणे, अक्षर बोलत गिरवणे, हे रोज थोडा वेळ करून घ्यायला निदान लागत नाही. लागतो तो बाईंचा मोकळा वेळ, आणि नेमका तोच ऑनलाइन माहिती भरण्यात जातो.